पुरानंतरची भातुकली

'द सिम्स' नावाच्या संगणकीय खेळाला २०२५ साली पंचवीस वर्षे पूर्ण झाली. फेब्रुवारी २००० मध्ये तो अमेरिकेत प्रथम विक्रीस आला. २००२ च्या मार्चपर्यंत त्याच्या त्रेसष्ट लाखांवर प्रती खपल्या आणि घरगुती संगणकावरील खेळांत तोवरच्या खपाचा उच्चांक त्याच्या नावे लागला. रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने जानेवारीच्या अखेरीस कंपनीने तो मूळचा खेळ नव्या संगणकांवर चालेल अशा रूपात पुन्हा बाजारात आणला. एका निवृत्त शिक्षिकेने असल्या वार्तेची दखल घ्यावी, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु महाडच्या आमच्या घरात हा खेळ मुलांबरोबर वाढला, आणि त्या घरातून जे वाहून गेले त्यात तोही होता.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांना एवढेच सांगते की, आपल्या भातुकलीचेच हे संगणकीय रूप आहे. शत्रू नाही, शर्यत नाही, जिंकणे-हरणे नाही. पडद्यावर एक छोटे कुटुंब राहावयास येते. हाती वीस हजार 'सिमोलियन' असतात. हे त्यांचे चलन. त्यातून जागा घ्यायची, भिंती उभारायच्या, दारे-खिडक्या बसवायच्या, आणि उरलेल्या पैशांत पलंग, चूल, शीतकपाट, दिवे आणायचे. माणसांच्या आठ गरजा मोजलेल्या असतात : भूक, आराम, स्वच्छता, नैसर्गिक विधी, झोप, करमणूक, सोबत आणि सभोवतालची शोभा. प्रत्येक गरजेची एक पट्टी. भागली की हिरवी, न भागली की लाल. ती माणसे कोणत्याच देशाची नसलेली एक भाषा बोलतात. आमच्या मुलांना ती भाषा आमच्या आधी समजू लागली होती! निर्मितीच्या काळात या खेळाचे कामचलाऊ नावही 'बाहुलीघर' अशा अर्थाचेच होते, आणि बाहुल्यांचे घर कोण विकत घेणार म्हणून कंपनीतील वरिष्ठ नाके मुरडीत असत.

माझ्या पतींच्या नोकरीमुळे आम्ही वसई सोडून महाडला आलो. औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात ते होते, मी शाळेत शिकवीत असे. पुढे बाजारपेठेपासून जवळच एक लहानसे दुमजली घर घेतले. २००२ च्या उन्हाळ्यात पतींनी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून संगणक जुळवून आणला; त्याबरोबर ही तबकडीही आली. कन्या तेव्हा अकरा वर्षांची, चिरंजीव आठ. दोघांनी मिळून आमचेच कुटुंब त्यात बसविले. चार माणसे, एक मजला, आणि चिरंजीवांच्या हट्टास्तव मागील अंगणात पोहण्याचा तलाव. आमच्या खऱ्या घरात त्या वेळी एकच पंखा नीट चालत असे, पण पडद्यावरील आईच्या स्वयंपाकघरात भांडी धुण्याचे यंत्र होते. भारनियमनाचे दिवस होते. ऐन रंगात आले की वीज जाई आणि अर्ध्या तासाचा संसार पुसला जाई. मग अंधारात बसून दोघे भांडत, सोफा आधी घ्यावा की शीतकपाट.

या खेळाचा जनक विल राइट. 'सिमसिटी' या नगररचनेच्या खेळामुळे १९८९ पासूनच त्याचे नाव झाले होते. २० ऑक्टोबर १९९१ रोजी कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या टेकड्यांवर वणवा भडकला. पंचवीस माणसे दगावली, तीन हजारांवर घरे भस्मसात झाली; त्यांत राइटचेही घर होते. जीव वाचला, पण संसार पुन्हा शून्यातून उभा करावा लागला. आज काय आणावे, त्याच्या आधी काय आणावे, कशावाचून खरोखर अडते, हे प्रश्न त्याला पडले, आणि त्यांतून या खेळाची कल्पना आकारास आली, असे त्याने पुढे सांगितले आहे. प्रथम तर हा केवळ वास्तुरचनेचा खेळ व्हायचा होता. वास्तुविशारद ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांच्या १९७७ मधील ग्रंथाचा त्याच्यावर प्रभाव होता. घर चांगले झाले की वाईट, हे ठरवावयास त्यात राहणारी माणसे हवीत म्हणून ती घातली. आणि ती माणसेच घरापेक्षा अधिक वेधक निघाली.

ही हकिगत मुलीने मला प्रथम सांगितली ती २०२१ च्या ऑगस्टमध्ये, दूरध्वनीवरून, आणि मी ती ऐकली ती चिखलात उभी राहून.

महाडला पूर नवा नाही. सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, पोलादपूरवरून खाली येते, आणि महाडपाशी तिला गांधारी मिळते. खाली बाणकोटच्या खाडीला त्याच वेळी भरती असली, तर पाण्याला उतरावयास वाटच राहत नाही. येथील जुनी माणसे पाऊस पाहून नव्हे, तर महाबळेश्वरला किती पडला हे विचारून सामान माळ्यावर चढवितात. २००५ च्या जुलैमध्ये आमच्या ओटीवर दीड हात पाणी आले होते, आणि तालुक्यातील दासगाव, जुई येथे दरडींनी माणसे गाडली होती. परंतु २२ जुलै २०२१ चे पाणी निराळेच होते. आमच्या तळमजल्यावर छताच्या खाली वीतभरच जागा उरली. एक रात्र आणि एक दिवस आम्ही दोघे वरच्या खोलीत बसून होतो. भिंतीवरील येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर तेवढी पतींनी शेवटच्या क्षणी वर आणली होती. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, हे आम्हांस फार उशिरा कळले. ते कळल्यानंतर आपल्या नुकसानीविषयी मोठ्याने बोलावयासही संकोच वाटू लागला.

पाणी ओसरले आणि गाळ राहिला. रस्त्याच्या दुतर्फा प्रत्येक दारापुढे त्या त्या घराचा संसार ढिगाने पडलेला. गाद्या, कपाटे, धान्याची पोती, शाळेची दप्तरे, शिवणयंत्रे. आमच्या ढिगात जिन्याखाली ठेवलेला तो जुना संगणकही होता. त्याच्या पोटात मुलांनी थाटलेले ते घर होते, तलावासकट. बाहेरगावांहून आलेल्या तरुणांच्या एका तुकडीने तो उचलून गाडीत टाकला. मी काही बोलले नाही. तलाठी पंचनामा करावयास आले तेव्हा नष्ट झालेल्या वस्तूंची यादी सांगताना संगणक सांगण्याचे मला सुचलेदेखील नाही.

मुलगी पुण्याहून आणि मुलगा मस्कतहून रोज विचारीत, काय काय आणायचे? दोघांचे एकमत होते की आता महाड सोडावे. वसईत सदनिका घ्यावी, आयुष्याची उत्तरार्धाची वर्षे आप्तांमध्ये काढावी. त्यांचे चुकत होते असे नाही. पतींचे गुडघे जिन्याला कंटाळले होते, आणि पुढचा पूर काही आम्हांला विचारून येणार नव्हता. त्या बोलण्यातच कधीतरी मुलीने विल राइटची गोष्ट सांगितली आणि म्हणाली, "मम्मी, तुझ्याकडेही आता वीस हजार सिमोलियन आणि रिकामी जमीन आहे, असे समज."

मी तसे समजले, आणि वहीत यादी केली. पहिल्या दिवशी खराटा, बादल्या, मेणबत्त्या, पिण्याचे पाणी. दुसऱ्या दिवशी शेगडी आणि दोन पातेली. नंतर चटया. नंतर पतींची औषधे आणि चष्मा. पलंग यादीत आला तेव्हा तीन आठवडे उलटले होते. दूरदर्शन संच आला तो नाताळात, तोही मुलाच्या आग्रहावरून. जुन्या घरात काचेचे एक मोठे कपाट होते. आमच्या लग्नातल्या पेल्यांसह ते गेले. त्याच्या जागी काय ठेवावे म्हणून मी किती तरी दिवस त्या भिंतीकडे पाहत असे. शेवटी तेथे काहीच ठेवले नाही.

२०२५ च्या मे महिन्यात कन्या सुट्टीवर आली आणि तिने आपल्या लॅपटॉपवर तो खेळ पुन्हा उघडला. तेच संगीत, तेच हिरवे चौकोनी अंगण. तिने पुन्हा चौघांचे कुटुंब बसविले. मी शेजारी खुर्ची ओढून बसले, आणि या वेळी मला त्यात निराळेच काही दिसू लागले. वस्तूंच्या यादीत प्रत्येक वस्तूपुढे तिचे गुण लिहिलेले असतात : आराम इतका, करमणूक इतकी. पण घेतलेली वस्तू बिघडते, गळते, घाण होते, आणि मग ती दुरुस्त करण्यात, पुसण्यात त्या बिचाऱ्यांचा दिवस जातो. त्यांचा दिवस आपल्या चोवीस मिनिटांचाच असतो. सुख म्हणून आणलेले सामान वेळ खाऊन टाकते, हा मिस्कील चिमटा खेळणाऱ्याला काढलेला आहे, आणि तो ज्याचे सारे सामान एकदा जळून गेले अशा माणसाने काढलेला आहे.

काही गोष्टी मात्र त्या घराला ठाऊक नाहीत. मूळ खेळात पाऊस पडत नाही. आग लागते, चोर येतो, नळ गळतो. पण आषाढ नाही. मुले कधी मोठी होत नाहीत. पाळण्यातले बाळ तीन दिवसांत शाळेला जाऊ लागते आणि मग कायम शाळकरीच राहते. आईबापांचे केस पांढरे होत नाहीत. मुलीने आपल्या त्या चिमुकल्या प्रतिमेकडे पाहून विचारले, "हिला पुण्याला नोकरी लागणारच नाही का?" आम्ही दोघीही हसलो. ती चौतीस वर्षांची आहे.

शेजाऱ्यांचाही हिशेब तेथे असतो. मैत्रीला अंक असतात, भेटीगाठी न ठेवल्या तर ते रोज घसरतात, आणि नोकरीत बढती हवी तर अमुक इतके मित्र लागतातच. हे मला फारसे रुचले नाही. निर्मात्याचा चिमटा येथेही असेल कदाचित. आमच्या पलीकडच्या घरातील मुस्लिम कुटुंबाशी वीस वर्षांत आमचे येणेजाणे म्हणजे ईदचा शीरखुर्मा आणि नाताळची करंजी, इतकेच. अंकांच्या हिशेबाने ती मैत्री केव्हाच लाल पट्टीवर गेली असती. पुराच्या रात्री त्यांच्या थोरल्या मुलाने गच्चीवरून दोरीला बांधून आमच्या खिडकीत भाकरी आणि पाण्याच्या बाटल्या सोडल्या होत्या.

आम्ही वसईला गेलो नाही. मुलांना त्याचे कारण नीटसे पटवून देता आलेले नाही. पती विषय बदलतात. स्वयंपाकघर आता वरच्या मजल्यावर आहे. खाली चार प्लास्टिकच्या खुर्च्या, एक लाकडी बाक, आणि जिन्यापाशी फ्रिज. तो वरच्या चिंचोळ्या स्वयंपाकघरात बाराही महिने मावत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात पलीकडची दोन मुले येतात, दोराने बांधून तो वर चढवितात आणि चार महिने आमच्या झोपण्याच्या खोलीत उभा करतात. दिवाळी झाली की खाली. यंदा चढविताना त्याचे दार निखळले, ते अजून सुतळीने बांधलेले आहे.