गाडी मागे घेताना

माणसाची पारख करावयाची असेल तर त्याच्याबरोबर प्रवास करावा, असे आमचे वडीलधारे म्हणत. त्यांच्या काळी प्रवास म्हणजे बैलगाडी, फार तर पॅसेंजर. आज ते हयात असते तर मी त्यांना नम्रपणे सुचवले असते की, एवढे दूर जाण्याचे कारण नाही. रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या पटांगणात दहा मिनिटे उभे राहावे, माणसे आपोआप कळतात.

वसईतील आमच्या चर्चच्या पटांगणात एके काळी भिंतीला टेकवलेल्या सायकलींच्या रांगा असत. एक सायकल पडली की तिच्यामागे दहा पडत. पोरे हसतहसत त्या उचलून ठेवीत आणि कोणाचे काही बिघडत नसे. पुढे स्कूटर आल्या आणि आता मोटारी आल्या आहेत. कष्टाने कमावलेल्या त्या भरभराटीचा मला हेवा नाही. अडचण इतकीच की, पटांगण मात्र पूर्वीएवढेच राहिले. आत समारोपाच्या गीताचे अखेरचे कडवे चालू असते आणि बाहेर पहिला हॉर्न वाजतो. थोड्या वेळापूर्वी शांतीचे अभिवादन करण्यासाठी ज्यांनी शेजाऱ्याला हात दिला, त्यांनाच आता त्या शेजाऱ्याची गाडी आडवी आलेली खपत नाही. काचा वर गेल्या की आत बसलेला माणूस आपल्याला दिसेनासा होतो; उरते ती केवळ वाटेतली एक गाडी.

मागच्या पावसाळ्यातील गोष्ट सांगतो. आमच्या एका आजारी आप्तांना भेटण्यासाठी मी एका इस्पितळात गेलो होतो. गाडी आखून दिलेल्या रेघांच्या आत नीट लावली होती. पाऊण तासाने परत आलो तो मागचे दार हातभर आत गेलेले आणि त्यावर दुसऱ्या गाडीचा पांढरा रंग घासलेला. काचेवर चिठ्ठी नव्हती. रखवालदाराने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवले. ‘वाहने मालकांच्या जबाबदारीवर’, असे तीवर लिहिले होते. जवळच्या बाकावर नातवाला घेऊन बसलेल्या एका मावशींनी मात्र सारे पाहिले होते. त्या म्हणाल्या, “भाऊ, तो खाली उतरला. दारावरून हात फिरवला. मग इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि गेला निघून. मला नंबर वाचता येत नाही हो.”

घरी परतताना मावशींचे ते शब्द माझ्या मनातून जाईनात. गाडी मागे घेताना ज्याने मागे वळून पाहिले नाही, त्याने धक्का बसल्यावर मात्र चारी दिशांना नीट निरखून पाहिले. त्याची नजर चांगली होती, वेळही होता. पाहावयाचे केव्हा आणि कशासाठी, एवढेच चुकले होते. चूक कोणाकडूनही होते. अरुंद जागा, पावसाने धुरकटलेली काच, मनात घरच्या आजाराची काळजी. त्या चुकीबद्दल मी त्याला तिथल्या तिथे सोडून दिले असते. मला खटकते ते त्यानंतरचे ते इकडेतिकडे पाहणे.

गॅरेजवाल्याने दार सरळ करून रंग देण्याचा खर्च सांगितला, तेव्हा विम्याचा विचार मनात आला. वर्षभर दावा केला नाही की, आपल्या गाडीच्या नुकसानीसाठी जो हप्ता भरावयाचा, त्यात पुढच्या वर्षी २० टक्के सूट मिळते. सलग पाच वर्षे दावा न केल्यास ती ५० टक्क्यांपर्यंत चढते. एकदा दावा केला की ही शिडी साधारणपणे पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावी लागते. त्यामुळे लहानसहान नुकसान पुष्कळजण निमूटपणे खिशातून भरतात. मीही भरले. म्हणजे धक्का एकाचा आणि दंड दुसऱ्याला! ‘एवढ्याशा ओरखड्याने कोणाचे काय अडते?’ असे म्हणून जो निघून जातो, त्याने हा हिशेब कधी मांडलेला नसतो.

कायद्यानेही ही गोष्ट क्षुल्लक मानलेली नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ‘सार्वजनिक जागा’ या शब्दांत केवळ रस्ता येत नाही, तर जनतेला जेथे जाण्याचा हक्क आहे अशा इतर जागाही येतात. त्याच कायद्याच्या १३४ व्या कलमाप्रमाणे, अपघातात माणूस जखमी झाला किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर जागेवर पोलीस नसल्यास चालकाने लवकरात लवकर, उशिरात उशिरा २४ तासांच्या आत, जवळच्या पोलीस ठाण्यात खबर द्यावयाची असते. मोडलेले दार ही मालमत्ताच आहे. आपल्यापैकी कितीजणांना हे ठाऊक असते? परवाना घेताना आपण गाडी पुढे कशी न्यावी हे शिकतो. धक्का दिल्यानंतर कसे वागावे हे मात्र आपल्याला कोणी शिकवीत नाही.

तरीही पत्र्याचे दुःख पत्र्यापुरतेच असते. खरी भीती वेगळी आहे. आपल्या पटांगणात मिस्सा सुटल्यावर लहान मुले गाड्यांच्या मधून लपाछपी खेळतात. मोठ्या गाडीच्या मागे वाकून बसलेले मूल चालकाला आरशात दिसत नाही. गाडी जितकी उंच, तितका तो न दिसणारा टापू मोठा. याविषयी अमेरिकेतील एक घटना मला विसरता येत नाही. सन २००२ मध्ये न्यूयॉर्क राज्यात कॅमरॉन गुल्ब्रॅन्सन नावाचा दोन वर्षांचा मुलगा आपल्याच घराच्या वाटेवर मागे येणाऱ्या गाडीखाली सापडून मृत्यू पावला. गाडी चालवीत होते त्याचे वडील, आणि ते स्वतः बालरोगतज्ज्ञ होते. मुलांचे प्राण वाचवणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांच्या वाट्याला हे यावे! परंतु ते कुटुंब घरात तोंड लपवून बसले नाही. इतर पालकांबरोबर त्यांनी पाठपुरावा केला आणि २००८ मध्ये त्या बाळाच्या नावाने कायदा झाला. पुढे मे २०१८ पासून तेथील नव्या हलक्या वाहनांना मागचे दृश्य दाखवणारा कॅमेरा सक्तीचा ठरला. आपल्याकडेही १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागे घेताना अडथळ्याची सूचना देणारे सेन्सर बंधनकारक आहेत. तथापि सेन्सर चिखलाने माखतो, त्याची शिट्टी रेडिओच्या आवाजात बुडते, आणि जुन्या गाड्यांना तो नसतोच. गाडीत बसण्यापूर्वी तिला एक फेरी मारून यावयाला अर्धे मिनिट लागते. त्या अर्ध्या मिनिटाची जागा कोणतेही यंत्र घेऊ शकत नाही.

२०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. महामार्गावरचा भरधाव वेग आणि पटांगणातला हलकासा धक्का यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे खरे. पण स्टिअरिंगवरचे हात तेच असतात. ज्याला पटांगणात दुसऱ्याची पर्वा नाही, त्याला ती महामार्गावर एकाएकी कोठून यावी?

वाचकहो, जून २००७ मध्ये व्हॅटिकनमधील स्थलांतरित व प्रवासी यांच्यासाठीच्या तेव्हाच्या परिषदेने रस्त्यावरच्या जीवनासंबंधी एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आणि तीत वाहनचालकांसाठी दहा आज्ञा दिल्या. वर्तमानपत्रांतून त्यांची थोडी थट्टाही झाली. पण त्या बारकाईने वाचाव्यात अशा आहेत. पहिली अर्थातच हत्येविरुद्धची आहे. एक आज्ञा सांगते की, मोटार ही सत्ता गाजवण्याचे साधन होऊ नये. दुसरी सांगते की, रस्त्यावर दुर्बळाला जपावे. मला सर्वांत भिडली ती आठवी: अपघातातील दोषी चालक आणि ज्याचे नुकसान झाले तो, या दोघांची योग्य वेळी भेट घडवून आणावी, म्हणजे क्षमेचा मोकळा करणारा अनुभव त्यांना घेता येईल.

ही आज्ञा अमलात येताना मी एकदा पाहिली आहे. नाताळाच्या दिवसांत एका तरुणाच्या गाडीने एका निवृत्त शिक्षकांच्या स्कूटरचा मागचा दिवा फुटला. मिस्सा नुकती सुरू झाली होती. पाहणारे कोणी नव्हते. तो तरुण मिस्सा संपेपर्यंत त्या स्कूटरजवळ उभा राहिला. सर बाहेर आले तेव्हा तो म्हणाला, “सर, माझ्याकडून फुटला. मी भरून देतो.” सरांनी दिव्याकडे पाहिले, त्याच्याकडे पाहिले आणि विचारले, “कुणाचा रे तू?” त्याने वडिलांचे नाव सांगितले. “अरे, तो तर माझ्या हाताखाली शिकला!” एवढ्यावर दोघे घरच्या गोष्टी बोलू लागले. दुसऱ्या दिवशी त्याने नवा दिवा आणून स्वतः बसवला आणि सरांनी त्याला चहाला थांबवले. नुकसान भरून निघाले, आणि दोन घरांचा जुना परिचयही ताजा झाला.

माझ्या दाराच्या बाबतीत त्या अनोळखी गृहस्थाने हीच संधी घालवली. माझे पैसे गेले. त्याचेही काही गेलेच असेल. पुन्हा तशी गाडी दिसली की त्याला मान वळवावी लागत असेल, आणि हे ओझे कोणत्याही गॅरेजात उतरवता येत नाही.

म्हणून घरोघरच्या चालकांना सुचवावेसे वाटते: गाडीच्या कप्प्यात कागदपत्रांबरोबर एक लहान वही आणि पेन ठेवावे. कोणाच्या गाडीला धक्का लागला आणि मालक भेटला नाही, तर आपले नाव, फोन नंबर आणि ‘माझ्याकडून लागले’ हे दोन शब्द लिहून वायपरखाली अडकवावेत. पावसाळ्यात तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावयास विसरू नये.