जुळलेले हाड

उत्तरायण म्हणजे पादऱ्याच्या मुलांचा आकाशावर स्वारी करण्याचा दिवस. गेल्या वर्षी त्याच दिवशी आमच्या वर्गातील एक विद्यार्थी कापलेल्या पतंगामागे धावता धावता गच्चीवरून पडला आणि त्याचा उजवा हात मोडला. कठड्यावर चढू नका, असे आदल्या दिवशी वर्गात सांगण्याचे आमच्या मनात होते. परंतु घाईत ते राहून गेले. त्याची रुखरुख आम्हांस लागून राहिली.

काही आठवड्यांनी तो क्ष-किरणांचे चित्र घेऊन आला. मोडलेल्या जागी हाडावर गाठ दिसत होती. "सर, हात आता असाच राहणार का?" त्याने विचारले. आम्ही पडलो कलाशाखेचे! उत्तरासाठी पुस्तके उघडली आणि वाचता वाचता येऊन पोहोचलो ते कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या उडत्या सरीसृपांपाशी.

यांस टेरोसॉर म्हणतात. त्यांच्या हाताचे चौथे बोट अतिशय लांब असे व त्याच्या आधारे पंखाचा पडदा ताणलेला राही. हाडे पोकळ; कित्येकांची भिंत जेमतेम एक मिलिमीटर जाडीची. क्रिस्टोफर बेनेट यांनी 2003 साली मोठ्या टेरोसॉरांच्या विकृत हाडांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत सांध्यांच्या विकारांबरोबरच मोडून पुन्हा जुळलेली हाडेही आहेत. मृत प्राण्याचे हाड जुळत नाही. म्हणून जुळल्याची खूण दिसली की समजावे, त्या घावानंतरही प्राणी जगला होता. याउलट, अमेरिकेतील कॅन्सास येथे सापडलेल्या एका टेरॅनोडॉनच्या मानेपाशी शार्कचा दात रुतलेला आहे. 2018 साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. तेथे जखम भरल्याची खूण नाही. त्यामुळे शार्कने जिवंत प्राणी धरला की मेलेला, हे ठरविता येत नाही.

आपला गुजरातही अशा खुणांस पारखा नाही. बालासिनोरजवळील रैयोली येथे डायनोसॉरांची हाडे व अंडी मिळाली आहेत. तेव्हाच्या खेडा जिल्ह्यातील अशाच अंड्यांच्या कवचातील विकृतीची नोंद धनंजय मोहबे यांनी 1984 साली केली.

आम्ही त्या मुलास म्हटले, "अरे, ही गाठ व्यंग नव्हे, शरीराने केलेली डागडुजी आहे. हळूहळू ती झिजेल."

क्षणभर विचार करून तो म्हणाला, "पण सर, पंख मोडल्यावर त्याला खाऊ कोण घालत असेल?"

दगडास हे विचारून उपयोग नव्हता. आमचे लक्ष मात्र त्याच्या बाकावर गेले. तो घरी होता तितके दिवस शेजारच्या मुलाने त्याच्या वह्या लिहून ठेवल्या होत्या.

वार्षिक परीक्षा त्याने स्वतःच्या हाताने लिहिली. यंदा उत्तरायणाच्या आदल्या दिवशी आम्ही वर्गात पाऊल टाकताच प्रथम कठड्याची गोष्ट सांगितली. तो हसला आणि त्याने उजवा हात वर केला.