जत : दोन भाषांचं गाव

वीकएन्ड म्हटलं की आपली गाडी महाबळेश्वरकडेच वळते. यावेळी म्हटलं, जरा उलट्या दिशेला जाऊया. मिरज मागे पडलं, कवठेमहांकाळनंतर द्राक्षबागा विरळ झाल्या आणि उघड्या माळावर जत आलं. सांगली जिल्ह्याचं हे पूर्वेचं टोक, पलीकडे कर्नाटक. एकेकाळी डफळ्यांचं संस्थान. १९४८ मध्ये विलीन झालं.

एसटी स्टँडजवळच्या टपरीवर गिऱ्हाईक कन्नडमध्ये चहा मागतं, मालक हिशेब मराठीत सांगतो. तालुक्यात झेडपीच्या कन्नड शाळाही आहेत. गुड्डापूरला दानम्मादेवीच्या देवळात तर दोन्ही राज्यांतले भक्त एकाच रांगेत!

भांडण भाषेचं नाहीच, पाण्याचं आहे. २०१२ मध्ये इथल्या चाळीसेक गावांनी 'पाणी द्या, नाहीतर कर्नाटकात जाऊ' असा ठरावच केला. २०२२ मध्ये तिकडच्या मुख्यमंत्र्यांनी त्याच ठरावाचा दाखला देत हक्क सांगितला आणि जत एकदम ब्रेकिंग न्यूज झालं.

टपरीवर शेजारी बसलेल्या आजींना विचारलं, "आजी, तुम्ही इकडच्या की तिकडच्या?"

"घागर भरंल तिकडच्या," त्या हसून म्हणाल्या.

हातातली बिसलेरी मी हळूच बॅगेत सरकवली.