जीपला डिस्क ब्रेक, पण आधी पुढचा खेळ काढला



आज हळदीचं काही नाही. पाला वाळत आलाय, काढायला अजून पंधरा दिवस आहेत, तर जीपचं लिहितो. वाईच्या बाजारात जीप लावली की माणसं वाकून चाकात बघतात आणि एकच विचारतात, डिस्कला किती खर्च आला? पुढचं नॅकल खोललं होतं का, हे अजून एकानंही विचारलं नाही. खरं काम तिथं होतं.

आमची जीप १९७४ सालची. अण्णांनी एका कारखान्याच्या लिलावात घेतलेली. पेट्रोलचं इंजिन कधीच गेलं, डिझेल बसलं. पण पुढचा सांगाडा दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचाच आहे. सरळ ॲक्सल, त्याखाली पाटे, टोकाला बंद गोळ्याचं नॅकल, त्यात वर-खाली किंगपिनचं बेरिंग. स्टेअरिंगचा दांडासुद्धा थेट चाकाला जात नाही. चेसीच्या पुढच्या आडव्या पट्टीवर बेल क्रँक असतो, दांडा त्याला येतो आणि तिथून दोन टाय रॉड दोन चाकांना जातात. म्हणजे खेळ यायला जागाच जागा.

मागच्या जुलैत पसरणीचा घाट उतरताना पोरगी चालवत होती, मी शेजारी. रस्त्यावरून ओढ्यासारखं पाणी वाहत होतं, त्यातनं आलो आणि ड्रम भिजले. पुढच्या वळणाला तिनं ब्रेक दाबला तर आधी काहीच नाही. मग डाव्या चाकानं एकदम धरलं आणि गाडी कठड्याकडं ओढली. दुसऱ्या गिअरात होती म्हणून निभावलं. घरी आल्यावर तिनं किल्ली ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "पप्पा, ही गाडी मी आता नाही चालवणार." बाजाराचा माल तीच नेते. अण्णा म्हणाले, "घाट गिअरवर उतरायचा असतो, ब्रेकवर नाही." त्यांचं खरंच आहे, पण समोर गुरू आलं तर गिअर काय करणार?

अण्णांना जीप विकायची नव्हती, पोरीला ती चालवायची नव्हती, आणि दुसरी गाडी घ्यायला माझ्याकडं पैसे नव्हते. म्हणून डिस्क.

मिस्त्री आमचे एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. डिस्कचं नाव काढल्यावर त्यांनी काही न बोलता जॅक लावला, चाक वर-खाली धरून हलवलं. डुगडुग होती. मग मला म्हणाले, "भाऊ, ब्रेक दाबून धरा." परत हलवलं, तरी डुगडुग तशीच. ही परीक्षा लक्षात ठेवा, फुकटची आहे. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर चाकाचं बेरिंग ढिलं आहे, ब्रेक दाबूनही राहिला तर किंगपिन.

खोलल्यावर सगळं दिसलं. किंगपिनच्या बेरिंगच्या वाटीत रोलरच्या खाचा पडलेल्या. उजव्या बाजूचं आतलं सील गेलेलं, त्यामुळं ॲक्सलचं तेल गोळ्यात, तिथून हबमध्ये आणि शेवटी लायनरवर. उजवा ब्रेक तेलकट म्हणून गाडी डावीकडं ओढायची. यावर नुसती डिस्क चढवली असती तर तेच तेल डिस्कवर आलं असतं. आणि किंगपिन ढिला असताना ब्रेक जितका जोरात धरेल, तितकं चाक आपल्या मनानं वळणार. कडक बैल आणि मोडकं जू, तसला प्रकार.

नवी बेरिंग टाकली, वर-खाली शिम घालून नॅकल हाताला जरा जड फिरेल इतपत घट्ट केलं. सीलं बदलली. बेल क्रँकची पिन आणि बुश, टाय रॉडची टोकं, शॅकलचे बुश, सगळं नवं. टो-इन दोन मिलिमीटरच्या आसपास ठेवलं. मग मिस्त्रींनी उजव्या ड्रमला नवे लायनर लावले आणि म्हणाले, आठ दिवस अशीच चालवा. ताशी चाळीसच्या वर गेलं की स्टेअरिंग थरथरायचं ते बंद झालं. ओढणंही गेलं. कोरड्या रस्त्यावर तर डिस्क कशाला, असं वाटायला लागलं.

पण पाण्याचं काय? ड्रमच्या आत पाणी आणि चिखल अडकतो, डिस्क उघडी असते, फिरता फिरता पाणी झटकते आणि पॅड उरलेलं पुसतात. ट्रॅक्टरला आपण तेलातले ब्रेक बघून घेतो, ते चिखलासाठीच ना?

डिस्क लेथवर आमच्या हबच्या मापाला कापून घेतली. ड्रमच्या मागची प्लेट सहा बोल्टवर असते, त्याच सहा बोल्टवर कॅलिपरचं ब्रॅकेट बसवलं. ब्रॅकेट एका जाड प्लेटमधून कापलेलं पाहिजे, तुकडे वेल्ड केलेलं नको. याबाबत मी हट्टी आहे. रिम आणि कॅलिपरमध्ये बोटभर जागा आहे का, तेही बघितलं.

मास्टर सिलिंडर एकेरी होता. एक पाईप फुटला की चारही चाकं गेली. आता दुहेरी आहे, पुढचं वेगळं आणि मागचं वेगळं. ड्रमच्या लाईनीत थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो, तो डिस्कच्या लाईनीला चालत नाही, पॅड घासत राहून तापतात. पण जीपचा मास्टर फळीखाली, कॅलिपरच्या जवळपास त्याच उंचीला, म्हणून तेल मागं येऊ नये यासाठी अगदी हलका व्हॉल्व्ह लागतो. बऱ्याच जीपला पेडल खाली जायची तक्रार असते, त्यात हे एक कारण निघतं.

ड्रमचा लायनर चाकाच्या फिरण्यानं स्वतःच आत ओढला जातो. डिस्कला तसं नाही, पाय जास्त लागतो, म्हणून बूस्टर. डिझेल इंजिनात त्याला लागणारी ओढ तयार होत नाही, त्यासाठी अल्टरनेटरला व्हॅक्युम पंप लावावा लागला. ब्रेक ऑइल डॉट ४ घातलं. डॉट ३ नवं असताना २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण हवेतलं पाणी ओढलं की १४० वर उकळू शकतं, आणि घाटात तेच नको.

पहिली परीक्षा मोकळ्या पडीक रानात घेतली. मागची चाकं आधी घसटली तर गाडी फिरते, म्हणून पुढची आधी धरतायत ना हे पोरानं बाहेर उभं राहून बघितलं. धरली.

पुढच्या भागाला १७ हजार गेले, ब्रेकला ३४ हजार. मजुरी धरून.

कागदाचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं गाडीत कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल मनानं करता येत नाही. आधी आरटीओत विचारा, मग पाना हातात घ्या. आणि पन्नास वर्षांवरची गाडी २०२१ च्या नियमाखाली व्हिंटेज म्हणून नोंदवायची असेल, तर ती मूळ रूपात लागते. आमचं इंजिनच बदललेलं, तो प्रश्न मिटलेला. तरी जुने ड्रम आणि प्लेटा तेल लावून पोत्यात ठेवल्यात. अण्णांनी सांगितलं म्हणून.

पोरगी परत बाजाराला जाते. नॅकलच्या शिम एकदा पुन्हा तपासायच्यात, नवी बेरिंग बसली की थोडी सैल होतात. मागच्या डाव्या चाकाचा व्हील सिलिंडर ओलसर दिसतोय. हळद शिजवून झाली की मागचं खोलतो. तोवर काहिलीचं सरपण गोळा करायचंय.