हाताची घडी, तोंडावर बोट

महाराष्ट्रातील प्राथमिक शाळेत ज्याने चार वर्षे काढली आहेत, त्याला ही आज्ञा ठाऊक नाही असे संभवत नाही. विद्यार्थी असताना आम्ही ती पाळली आणि पुढे शिक्षक झाल्यावर दहा वर्षे दिवसातून दहा वेळा दिली. इतके असूनही ती शब्दशः पाळणे अशक्य आहे, ही साधी गोष्ट आमच्या कधी ध्यानात आली नव्हती. वाचकांनी प्रयोग करून पाहावा. दोन्ही हातांची घडी नीट घातली की दहाही बोटे काखेच्या आसपास अडकून पडतात. तोंडावर ठेवायला त्यांतले एक सोडवावे, तर घडी मोडते. मुलांनी यावर पिढ्यान्पिढ्या तोडगा काढलेला असतो. एक हात छातीवर आडवा, दुसऱ्याचे कोपर त्यावर टेकवलेले आणि तर्जनी ओठांवर. आज्ञा मोडूनच ती पाळली जाते, आणि गुरुजींना तेवढे पुरते.

ही विसंगती आम्हाला एका नऊ-दहा वर्षांच्या मुलाने दाखवून दिली. त्याबद्दल आम्ही त्याला मारले. आज लिहायला बसलो आहोत ते त्यासाठीच.

गोष्ट २००१ सालच्या डिसेंबरातली. आमची शाळा द्विशिक्षकी, साखर कारखान्याच्या परिसरातली. पहिली-दुसरी सहकाऱ्याकडे, तिसरी-चौथी आमच्याकडे, एकाच खोलीत. फळ्याच्या मधोमध खडूने उभी रेघ ओढलेली असे, डावीकडे तिसरी, उजवीकडे चौथी. एरवीची चाळीसएक मुले आणि गळीत हंगाम सुरू झाला की त्यात ऊसतोड कामगारांच्या आठ-दहा मुलांची भर. ही मुले कोप्यांवरून येत, दिवाळीनंतर उगवत आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी नाहीशी होत. बहुतेकांजवळ शाळा सोडल्याचा दाखला नसे, म्हणून हजेरीपटावर नाव नसे. शेवटच्या बसकरपट्टीवर त्यांची जागा ठरलेली होती. ती कोणी ठरवली, हे आम्ही स्वतःला विचारले नव्हते.

हा मुलगा त्यांतलाच. तो मधूनच उठून खिडकीशी जाई, शेजाऱ्याला कोपराने ढोसून वाट काढी, दटावले की बसे आणि पाच मिनिटांनी पुन्हा उठे. त्या दिवशी चौथीचा भागाकार चालू होता, तिसरीचे शुद्धलेखन संपून तिसरी रिकामी झाली होती आणि खोलीत बाजार भरला होता. आम्ही टेबलावर पट्टी आपटली व ठेवणीतल्या आवाजात ओरडलो, "हाताची घडी, तोंडावर बोट!" वर्ग शांत झाला. त्या शांततेत शेवटच्या पट्टीवरून आवाज आला, "गुरुजी, घडी घातली मंग बोट कुठून आणू?"

तो थट्टा करीत नव्हता. त्याने खरोखरच घट्ट घडी घातली होती आणि तो खरोखरच अडला होता. वर्ग खदखदून हसला. खरे सांगायचे तर आम्हालाही हसू येऊ लागले होते. पण हसलो तर वर्ग हातचा जाईल, या भयाने आम्ही ते गिळले, तरातरा मागे गेलो आणि त्याच्या तळहातावर पट्टीचे दोन फटके दिले. तो रडला नाही. त्याने तो हात खाली घेतला आणि न सांगता दुसरा पुढे केला. त्याच्या लेखी तो रीतीचा भाग होता.

आमच्या वकिलीत दोन शब्द सांगता येतील. आम्ही ज्या परंपरेत वाढलो, तिच्यात शिक्षेचा शब्दकोश ज्ञानाच्या शब्दकोशाहून समृद्ध होता. अंगठे धरणे, कोंबडा करणे, उठाबशा, घोडी. पंतोजींच्या शाळेपासून हा वारसा अखंड चालत आला होता. अध्यापक विद्यालयात वर्गव्यवस्थापनावर एक प्रकरण होते. त्यातले 'शिस्त म्हणजे स्वयंशिस्त' हे वाक्य परीक्षेत लिहून आम्ही गुण मिळवले आणि पहिल्या नेमणुकीच्या दिवशी पट्टी विकत घेतली. तपासणीला येणारे साहेब दारात उभे राहून प्रथम कान लावीत; चिडीचूप वर्ग हा उत्तम वर्ग, असा त्यांचा अलिखित निकष होता. पालक तर म्हणत, "गुरुजी, ऐकत नसंल तर खुशाल दोन द्या." दिल्ली उच्च न्यायालयाने २००० सालीच तेथील शाळांच्या नियमांतली शारीरिक शिक्षेची तरतूद रद्द ठरवली होती, पण त्या निकालाची वार्ता आमच्या फळ्यापर्यंत पोचली नव्हती. ही सारी कारणे खरी आहेत. त्यांतले एकही त्या दुसऱ्या हाताला उत्तर देत नाही.

त्यानंतरच्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही मासिक पत्रक भरीत बसलो होतो. खिडकीबाहेर मुले 'शाळा-शाळा' खेळत होती. एक मुलगी गुरुजी झाली होती. तिच्या हाती बाभळीची काठी होती आणि तोंडी आमचा आवाज, अगदी घशातल्या खरखरीसकट. त्या खेळात शिकवणे नव्हते. पाढा नव्हता, गोष्ट नव्हती, हिशेब नव्हता. गुरुजी येत, आरोळी ठोकीत आणि मारीत, एवढीच शाळा. मार खाणाऱ्या विद्यार्थ्याची भूमिका त्या मुलाकडे होती आणि ती त्याने हौसेने मागून घेतली होती. बाकीच्या खेळात त्याला कोणी घेत नसे.

दहा वर्षांच्या आमच्या अध्यापनाचा सारांश त्या मुलांनी पाच मिनिटांत सादर केला. इतका नेमका शेरा कोणत्याही अधिकाऱ्याने आमच्या सेवापुस्तकात लिहिला नव्हता.

शाळेचे ग्रंथालय म्हणजे खडू-फळा मोहिमेतून आलेली एक लोखंडी पेटी. तीत गिजुभाई बधेका यांच्या 'दिवास्वप्न' या गुजराती पुस्तकाचा मराठी अनुवाद होता. त्या सुट्टीत तो प्रथमच वाचला. त्यातला नवखा शिक्षक चौथीच्या वर्गावर पहिल्याच दिवशी मोठ्या उमेदीने शांततेचा खेळ मांडतो, दारे-खिडक्या लावून घेतो, आणि मुले त्या शांततेची यथेच्छ टर उडवतात. प्रयोग साफ फसतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो आणि वर्ग आपोआप जवळ सरकतो. आम्हाला धीर आला तो गोष्टीच्या यशाने नव्हे, आधीच्या फजितीने. गिजुभाईंसारख्या माणसाने आपल्या नायकाला पहिल्याच दिवशी तोंडघशी पाडावे, यात शिक्षकाविषयीची केवढी माया आहे!

पुढे पुष्कळ वर्षांनी जेकब कुनिन या अमेरिकी अभ्यासकाच्या संशोधनाविषयी वाचले. भर वर्गात वर्तमानपत्र वाचणाऱ्या एका विद्यार्थ्याला त्यांनी झापले, तेव्हा ज्यांना झापले नव्हते तेही सावरून बसले. या तरंगाचे त्यांना कुतूहल वाटले आणि त्यातून त्यांनी अनेक प्राथमिक वर्गांच्या चित्रफितींचा अभ्यास केला. १९७० साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष मात्र उलटा होता. मूल बिघडल्यावर शिक्षक कसा रागावतो, यावर वर्गाची शिस्त फारशी ठरत नाही. सगळीकडे एकाच वेळी लक्ष असणे, दोन कामे एकदम सांभाळणे, पाठाचा ओघ तुटू न देणे, म्हणजे बिघडण्याआधी तो काय करतो, यावर ती ठरते. आम्ही मात्र आयुष्यभर रागावण्याच्या पद्धतीच पारखीत बसलो होतो.

हे वाचण्याआधीच, ठेचा खात, आम्हाला याचा थोडा सुगावा लागला होता. गोंगाटाची वेळ आम्ही पंधरा दिवस वहीत टिपून ठेवली. जवळपास प्रत्येक वेळी तो रिकाम्या झालेल्या इयत्तेतून उठत असे. म्हणजे मुले बेशिस्त नव्हती, बेकार होती. आणि त्यांना बेकार ठेवणारे आम्हीच होतो. मग फळ्यावरच्या उभ्या रेघेच्या दोन्ही बाजू शाळा भरण्यापूर्वीच लिहून ठेवू लागलो. काम संपले की पुढे काय, हे मुलांना आधीच ठाऊक असावे, अशी सोय केली. आवाज चढवण्याऐवजी उतरवून पाहिला. हे सारे लिहायला सोपे आहे. प्रत्यक्षात पहिला महिना वर्गात नुसता धुमाकूळ होता. भिंतीपलीकडून सहकारी विचारीत, "काय गुरुजी, आज यात्रा आहे काय?" दोनदा आम्ही पट्टी पुन्हा उचलली. एकदा ती खाली ठेवताना हात थरथरला.

मॉनिटरची प्रथाही त्याच सुमारास मोडली. आम्ही बाहेर गेलो की मॉनिटरने फळ्यावर बोलणाऱ्यांची नावे लिहावीत, असा नियम होता. नाव पुसण्याचा दर दोन चिंचा किंवा मूठभर बोरे असा ठरलेला होता, हे आम्हाला फार उशिरा कळले. शेवटच्या पट्टीवरच्यांकडे चिंचा नसत, म्हणून त्यांची नावे पुसली जात नसत. आम्ही त्या यादीला पुरावा मानून शिक्षा देत होतो.

आणि तो खिडकीशी का जात होता? हा प्रश्न विचारायला आम्हाला जानेवारी उजाडला. त्याचे आईवडील पहाटे अंधारातच फडावर जात. धाकट्या बहिणीला घेऊन तो शाळेत येई, तिला बाहेर लिंबाखाली बसवी आणि ती आहे ना, हे पाहायला उठे. एवढेच. आमच्या लेखी जे वर्गातले सर्वांत उद्दाम वर्तन, ते त्या खोलीतले सर्वांत जबाबदार वर्तन होते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे कितीतरी आधी ओळखले होते. आदिवासी मुले गुरे राखण्यामुळे शाळेत येऊ शकत नाहीत, हे पाहिल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. त्या शाळाच कुरणात घेऊन गेल्या, तीच कुरणशाळा. कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र नांदल्या, कारण थोरले मूल शाळेत यायचे तर धाकट्याची सोय हवी. आमच्याजवळ विकासवाडी नव्हती. एक बसकरपट्टी होती. ती दाराशी अंथरली आणि बहिणीला आत घेतले. मुलगा खिडकीशी जायचा थांबला. तो गुणी झाला, पहिला आला, असे काही झाले नाही. भागाकार त्याला शेवटपर्यंत जमला नाही आणि मारामारीही पुरती सुटली नाही. पण एकदा तिसरीच्या मुलांना मोळी कशी बांधतात हे त्याने सुतळी व काटक्या घेऊन दाखवले, तेव्हा वर्ग ज्या शांततेने पाहत होता, ती आमच्या पट्टीने कधी निर्माण केली नव्हती.

मार्चअखेर हंगाम संपला. एका सोमवारी शेवटची पट्टी रिकामी होती. कोप्यांच्या जागी चुलींचे दगड आणि वाढ्यांचा पाचोळा उरला होता. त्याची क्षमा मागायची आम्ही दोन महिने ठरवीत होतो. गुरुजींनी विद्यार्थ्याची क्षमा मागण्याची रीत आमच्याकडे नाही. त्यासाठी शब्दही सापडत नव्हते. मारायला मात्र शब्द लागले नव्हते.

पुढे २००९ साली बालशिक्षण हक्काचा कायदा झाला आणि २०१० च्या १ एप्रिलपासून लागू झाला. त्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ दोन्ही निषिद्ध ठरवले. दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येणार नाही, हेही त्यात आले. "आता हातात काहीच उरले नाही," असे पुष्कळ सहकारी हळहळले. त्यांची अडचण खोटी नव्हती. एका खोलीत दोन इयत्ता सांभाळणाऱ्याच्या हातून छडी काढून घेणे सोपे, पण त्या रिकाम्या हातात काय द्यायचे, हे कायदा सांगत नाही. आणि कलमातले दुसरे दोन शब्द आम्हाला अधिक बोचले. पट्टी सुटल्यावरही आमची जीभ कित्येक वर्षे सुटली नव्हती. 'तुझ्या डोक्यात शेण आहे' हे वाक्य आम्ही २००१ नंतरही उच्चारले आहे. त्याचा वळ दिसत नाही, म्हणून त्याची नोंद कुठे नाही.

आता निवृत्त झालो आहोत. घराशेजारी एक शाळा आहे. दुपारी भिंतीवरून एक तरुण आवाज येतो, "हाताची घडी, तोंडावर बोट!" मग शांतता. छडी गेली, आज्ञा उरली. त्या शांततेत आम्ही दरवेळी कान देऊन असतो. कोणीतरी विचारावे, बोट कुठून आणू? वर्ग हसावा. आणि त्या हसण्यात गुरुजींचा आवाजही ऐकू यावा.