जुनी वाट

दोन वर्षांच्या अबोल्यानंतर ताई भाऊबिजेला हेलसिंकीहून पडद्यावरच मला ओवाळणार होती; आणि नेमके संगणकाचे वायफाय रुसले! ज्या लिनक्सचा जन्म १९९१ साली हेलसिंकीत झाला, त्याने आपल्याच गावची वाट अडवावी ना!

'एलएसपीसीआय' हा हुकूम दिला. यादीत कार्ड दिसले. वस्तू शाबूत होती. ओळख तेवढी तुटली होती. आदल्या रात्री नवा कर्नल आला होता, आणि ड्रायव्हर जुन्यासाठी बांधलेला! संगणक पुन्हा सुरू करताना जुना कर्नल निवडला. वायफाय जागे झाले. नव्याच्या हेडर फाइली उतरवून ड्रायव्हर पुन्हा बांधायचे काम मी संध्याकाळवर टाकले.

ताई निरांजन घेऊन दिसली.

"उशीर का रे?"

"जुनी वाट शोधीत होतो, ताई."

ती हसली, आणि मला पडदा धूसर दिसू लागला.