रिकामं फॅट आणि दुधाचं बिल

दूध संकलन केंद्रांचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम आम्ही तिघांनी एलिक्सिरमध्ये लिहिला. भाषा निवडताना फार विचार केला नाही. टाइप आधी जाहीर करायची गरज नव्हती, काम भराभर होत होतं. खाली एर्लांगची यंत्रणा होती. एखाद्या केंद्राची लाइन तुटली की सुपरवायझर तेवढीच प्रोसेस पुन्हा उभी करायचा. वर्षभर काही अडलं नाही.

मग एका केंद्राने फॅटचं मशीन बदललं. नव्या मशीनच्या नोंदीत फॅटच्या रकान्याचं नाव वेगळं होतं. आमच्या मॅपला जुन्या नावाचं काही सापडेना, म्हणून त्याने निल दिलं. एरर आली नाही. पुढे अट होती: फॅट ३.५ किंवा जास्त असेल तर पूर्ण दर. एलिक्सिरमध्ये निल हा अ‍ॅटम आहे आणि तुलनेत अ‍ॅटम कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा धरला जातो. अट खरी ठरली. दहा दिवस त्या केंद्रावरच्या सगळ्या दुधाला पूर्ण दर लागला.

जादा गेलेले पैसे पुढच्या बिलातून कापावे लागले. ते सांगायला मी केंद्रावर गेलो. तिथे दूध घालणाऱ्या एका आजींनी विचारलं, "मशीन तुमचं, हिशेब तुमचा, मग कपात माझी का?" मला उत्तर देता आलं नाही.

परत आल्यावर बिलाचा भाग हॅस्केल या स्टॅटिक टाइपच्या भाषेत लिहायला घेतला. पहिले दोन महिने जड गेले. साधी फाइल वाचायलाही अडायचो. पण फॅट 'मेबी' टाइपचं, म्हणजे 'असेल किंवा नसेल' असं केलं आणि फरक दिसला. रीडिंग नसेल तर काय करायचं, हे लिहिल्याशिवाय कंपायलर त्याची ३.५शी तुलनाच करू देईना.

तरी एक चूक निसटली. फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) दोन्ही आम्ही डबल ठेवले होते. एका फंक्शनला ते उलट क्रमाने दिले गेले. कंपायलर गप्प. चाचणीच्या बिलात ते सापडलं. मग न्यूटाइप वापरून दोन्हींचे टाइप वेगळे केले. टाइप आपण जेवढे बारकाईने लिहू तेवढंच ते राखतात, हे मला आधी उमगलं नव्हतं.

केंद्रांशी बोलणारा भाग एलिक्सिरमध्येच ठेवला. ते काम तिथे उत्तम होतं. पैशाचा हिशेब मात्र यापुढे स्टॅटिक टाइपच्या भाषेतच करणार.

तुम्हाला भाषा बदलता येत नसेल, तर निदान प्रत्येक तुलनेआधी हाती आलेली किंमत आकडाच आहे ना, हे तपासणारा गार्ड लावा. नसेल तर प्रोग्राम तिथेच पडू द्या. बिल वाटण्याआधी कळेल.